शुक्रवारी उपास करणारा झरा

१

बायजाबाईंच्या शेतातला गरम पाण्याचा झरा चोरीला गेला, ही तक्रार आमच्या घरी आली ती बुधवारी सकाळी. मी रात्रपाळी करून आलो होतो आणि पोह्यांना हात घालायच्या बेतात होतो. दारात भिवंडीजवळच्या अंजूर गावच्या बायजाबाई उभ्या, एका हाताने चौकट धरून, आणि डोळे लाल.

"पोरी, माझा झरा कोनीतरी नेला," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आमच्या घरी येणारे लोक माझ्याकडे पाहत नाहीत, आणि मी आता त्याचं वाईट वाटून घेत नाही.

माझी बायको धम्मदिना विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअरचं काम करते. मानकोलीच्या बाजूला एखादं गोदाम जळालं की भरपाई देण्याआधी कंपनी हिला पाठवते. राखेत उकिडवी बसून ती एकच प्रश्न सोडवते : हे घडलं, की कोणी घडवलं? वायर आपोआप तापली, की तापवली? छत पावसाने गळलं, की गळायला लावलं? या सवयीमुळे घरी दूध उतू गेलं तरी ती माझ्याकडे त्याच नजरेने बघते. मी मात्र साधा एसटीचा कंडक्टर, भिवंडी-वज्रेश्वरी गाडीवर केस पांढरे केलेला.

"झरा चोरीला कसा जाईल, मावशी?" मी विचारलं.

"पानी हाय, पन थंड. ऊब नेली. सोमवारपासून बरफासारखा पानी येतंय." त्या खुर्चीत बसल्या आणि खरं दुःख बाहेर आलं. "त्याचा मला येवढा न्हाय गं. गाव बोलतंय, मंदीचा पाय लागला म्हनून देवी निघून गेली. शेवटचे पाय तिनं बुडवलंते ना, रविवारी. येत्या रविवारी बैठक हाय. झऱ्याची शुद्धी करायची आन मी चारचौघांत सांगायचा, मंदी परत पाण्यात पाय घालनार न्हाय. मंदी तर आत्ताच माझ्याकडं यायची बंद झालीय."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मंदी म्हणजे मंदा, माझी सख्खी आत्या.

२

या दोघींचं सांगायला हवं. बायजाबाई गावातल्या शेतकरी घरातल्या, आमची आत्या बौद्धवाड्यातली. दोघी एकाच साली लग्न होऊन अंजूरला आल्या आणि एकाच बांधावर भाताची लावणी करत म्हाताऱ्या झाल्या. गुडघेही एकदमच गेले. दर मंगळवारी दोघी रिक्षाने भिवंडीला यायच्या आणि माझ्या गाडीने वज्रेश्वरीला गरम कुंडांवर जायच्या. बायजाबाई देवीचं दर्शन घ्यायच्या, आत्या खाली थांबायची. "मी देवीला न्हाय आले, पान्याला आले," असं ती मला दर खेपेला बजावायची, जणू मी तिकीट त्यावरच फाडणार होतो. ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांची. तिथे दुसरं कोणी बसलं की मीच त्याला उठवायचो.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्या यायच्या बंद झाल्या. एसटीची पायरी चढवेना. ती रिकामी सीट बघून मला फार वाईट वाटायचं. एकदा आत्याकडे जेवताना मी बोलूनही दाखवलं, की आत्या, तुमच्या सीटवर आता कोणीही बसतं.

आणि दिवाळीनंतर चमत्कार झाला. बायजाबाईंच्या शेताच्या कोपऱ्यात, काळ्या दगडांखालून, गरम पाणी वर आलं. वज्रेश्वरीला जाता येत नाही म्हणून वज्रेश्वरीच आली, असं गाव म्हणालं. दोघी रोज संध्याकाळी दगडावर बसून पाण्यात पाय सोडायच्या. महिनाभरात आत्या काठीशिवाय चालू लागली. मग आजूबाजूच्या गावांतूनही लोक यायला लागले.

"देवीच होती कशावरून?" धम्मदिनाने विचारलं.

बायजाबाई दुखावल्या नाहीत. हा प्रश्न त्यांना आवडला. "कारन ती शुक्रवारी उपास करायची. दर शुक्रवारी पानी नुसता कोमट, आन दुपारपर्यंत गार. शनवारी परत कढत. शुक्रवार देवीचा वार हाय ना? ह्याच्याशिवाय आनखी काय पुरावा पायजे?"

धम्मदिनाने आपला चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. हे ती करते तेव्हा मी गप्प बसतो.

"मावशी, तुमच्या शेतात त्या जागी पूर्वी काय होतं?"

"आमची इहीर. सासऱ्यांच्या वेळची. लई पानी तिला. रस्त्यापलीकडच्या टेकाडावर मागाच्या सुताची सायझिंग कंपनी हाय ना, तिला बी आमचीच इहीर पानी द्यायची. मग त्यांनी बोअर मारली, आमची इहीर बुजली. मी म्हनते, त्या झिऱ्याचाच पानी वर आला."

"असेलही," धम्मदिना म्हणाली. "मी येते. पण मावशी, जे निघेल ते निघेल. तुम्हाला आवडेल तेच सांगेन असं नाही."

"मला मंदी पायजे," बायजाबाई म्हणाल्या. "बाकी काय पन निघू दे."

३

झऱ्याजवळ पत्र्याची शेड झाली होती, आणि शेडमध्ये केसरीनाथ. हा गावातला उत्साही माणूस. देव सापडला की नारळाचं दुकान त्याच्याआधी तिथे पोहोचतं. त्याने नवी पाटीही लावली होती : बाहेरच्यांनी पाण्यात पाय घालू नयेत. बाहेरचे म्हणजे कोण, हे पाटीवर नव्हतं. पण मी आणि धम्मदिना आल्यावर तो पाटीकडे बघून खोकला, त्यावरून मला समजलं. मी चिडलो. धम्मदिनाने माझा हात दाबला आणि त्याला अगदी गोड आवाजात विचारलं, "भाऊ, तुम्हाला काय वाटतं, कोणी केलं हे?"

"भूपेशनं!" केसरीनाथ लगेच म्हणाला. "बायजाबाईचा पुतन्या. त्याला ही जागा गोदामाला द्यायचीय. देवीची जागा म्हटल्यावर कोन घेनार? मंगळवारी पहार घेऊन हितंच उकरत होता, मी डोळ्यानी बघितला."

"मग तुम्ही मंदाबाईंचं नाव का घेता?"

"ते... गाव बोलतं, मॅडम. मी नाय." त्याने विषय बदलला. "काय पानी होता सांगू! मी तर रोज बाटली भरून प्यायचो. आन हा रुमाल बघा, ह्या पान्यात बुडवून वाळवला. इस्त्री लागत नाय! कडक! ही देवीची किमया."

रुमाल खरोखरच पापडासारखा उभा राहत होता. धम्मदिनाने तो बोटांत चोळला, नाकाला लावला आणि सरळ पर्समध्ये टाकला. केसरीनाथ बघतच राहिला.

मग ती दगडांपाशी वाकली. "मिलिंद, वज्रेश्वरीच्या कुंडाजवळ उतरलास की पहिल्यांदा काय कळतं?"

"वास," मी म्हणालो. "काड्यांची पेटी ओली झाल्यासारखा. आणि कडेच्या दगडांवर खरखरीत थर."

"इथे?"

मी वाकून हुंगलं. शेतातल्या चिखलाचा वास होता, दुसरा कसलाही नाही. दगड स्वच्छ काळे होते. इतकी वर्षं त्या गाडीवर काढून मला हे आधी सुचलं नव्हतं, पण मी तसा चेहरा केला नाही.

भूपेश बांधावर उभा होता, तिशीचा, गोदामात सुपरवायझर. आम्ही विचारायच्या आधीच तो भांडायला लागला. "मीच केलं म्हणतात ना सगळे? मला जागा विकायचीय, हो, विकायचीय! पण काकूची ऊब मी कशी बंद करीन? माझी आई लहानपणी गेली, मला हिनं वाढवलंय. पाणी गार झालं सोमवारी, पहार मी आणली मंगळवारी. दगड हलून झिरा दबला असेल म्हणून बघायला."

"मग काय दिसलं?"

"काय नाही. हातभर खोल गेलो आणि पहार ठण्णकन वाजली. दगडावर वाजते तशी नाही. वेगळीच. मग केसरीनाथ बोंबलत आला, मी सोडून दिलं."

धम्मदिना हसली. घरी आल्यावर तिने औषधांच्या डब्यातून आयोडीनची बाटली काढली आणि रुमालावर दोन थेंब टाकले.

रुमाल निळाजांभळा झाला.

"शाळेत बटाट्याच्या फोडीवर टाकायचो ते आठवतं?" ती म्हणाली. "मिलिंद, तुझ्या देवीच्या पाण्यात खळ आहे. कपड्याला घालतात ती."

४

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याकडे गेलो. आत्या अंथरुणावर, भिंतीकडे तोंड करून. आतोबा, म्हणजे आमचे पंढरीमामा, ओट्यावर वाल सोलत बसले होते. मोठा शांत माणूस. आयुष्यात त्यांनी कुठल्या देवापुढे मान वाकवली नाही की कुठल्या साहेबापुढे. गुरुवारी दुपारी ते घरी कसे, असं मी विचारलं.

"बॉयलरची तपासनी. सोमवारपासून थंड हाय. साहेब येऊन बघून जातील, मग पेटवू," ते म्हणाले. "तुझ्या आत्याला बघ जरा. चार दिस जेवत न्हाय. गुडगं दुखतंय म्हनते."

धम्मदिना तिथेच थबकली. मीही थबकलो, पण मला कारण कळायला अर्धं मिनिट जास्त लागलं. पंढरीमामा रस्त्यापलीकडच्या त्या टेकाडावरच्या सायझिंगमध्ये बॉयलर सांभाळतात, हे मला जन्मापासून माहीत होतं. जवळच्या माणसाचं काम आपण कधी लक्षात घेत नाही.

धम्मदिना त्यांच्याशेजारी बसली आणि वाल सोलू लागली. "मामा, मी एक गोष्ट सांगते. चुकलं तर थांबवा. जमिनीतून आलेलं गरम पाणी वार बघत नाही. त्याला सुट्टी नसते. अंजूरचा झरा मात्र दर शुक्रवारी गार पडायचा. गावाला वाटलं, देवीचा उपास. पण भिवंडीत शुक्रवारी आणखी काय बंद असतं?"

मामांचे हात थांबले.

"लूम, सायझिंग, सगळं," मी म्हणालो. आख्ख्या भिवंडीला शुक्रवारची सुट्टी, आणि आख्ख्या गावाने ती देवीच्या नावावर मांडली होती. मी हसलो, मग मला आत्याचा हुंदका ऐकू आला आणि हसू गेलं.

"सायझिंगमध्ये सुताला खळ लावतात," धम्मदिना पुढे म्हणाली. "केसरीनाथच्या रुमालाला तीच लागली. कुंडाजवळचा वास या पाण्याला नाही. टेकाडावरून बायजामावशींच्या विहिरीपर्यंत एक लोखंडी पाईप होता. विहीर बुजली, तो काढला कोणी नाही. भूपेशची पहार त्यावर वाजली. पूर्वी पाणी त्यातून वर जायचं, आता कोणीतरी ते खाली सोडलं. आणि सोमवारी बॉयलर थांबला, सोमवारीच झरा गार झाला. राहिलं एकच. पाईप तिथे आहे हे माहीत असणारा, बॉयलरपाशी उभा राहणारा, आणि एसटीतली ती रिकामी सीट ज्याला बोचली असा माणूस कोण?"

"सीटचा तूच बोललास," मामा मला म्हणाले. आवाज अगदी खाली. "तू बोललास आन ही रातभर झोपली न्हाय. वाफेचं पानी तिकडं गटारात फुकट जातंय. मी म्हनलं, जाऊ दे जरा हिच्या पायावर. खळ शिजवायच्या भांड्याची धुवन त्यात मिसळत असंल, ते मला कळलंच न्हाय. मग गावानं त्याची देवी केली. आता मी काय बोलू? मी, आन देवी आनली म्हनू?"

"निदान आत्याला तरी सांगायचं!" मी म्हणालो.

"तिला सांगितलं असतं तं कंपनीचं पानी म्हनून पाय घातला नसता तिनं. तुला तिचा सोभाव म्हाईत न्हाय?"

आतून आत्या उठून दारात आली होती. काठीशिवाय. "आन मी तुमाला का न्हाय सांगितलं ते इचारा," ती म्हणाली. "गाव काय बोलतंय ते?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. नवरा दुखावेल म्हणून ती गुडघ्याचं सांगत होती, आणि तिचे गुडघे दुखतायत म्हणून ते बॉयलर कधी पेटतो याची वाट बघत होते. आत्याने सगळं सांगितलं. पाटी, बैठक, शुद्धी.

मामांनी वालाची परात बाजूला ठेवली आणि सदरा घातला. "रविवारी मी येतो," ते म्हणाले.

"नाही," धम्मदिना म्हणाली. "रविवारी तुम्ही वेगळ्या ठिकाणी असायला हवं."

५

रविवारी शेडखाली पन्नासेक माणसं जमली. ताम्हण, फुलं, गोमूत्राचा तांब्या, सगळी तयारी होती. आत्या मागे उभी होती, माझा हात घट्ट धरून. ती यायला तयार नव्हती. तिला मी ओढत आणलं म्हटलं तरी चालेल.

केसरीनाथने भाषण केलं, देवी का रुसली त्याचं. मग तो बायजाबाईंना म्हणाला, "बोला काकू. एकदाच सांगून टाका."

बायजाबाई उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी धम्मदिनाने त्यांना सगळं समजावलं होतं. मला भीती वाटत होती, की देवी गेल्याचं दुःख त्यांना पेलणार नाही.

"ज्याचे ज्याचे गुडगे ह्या पान्यानं बरं झालं, त्यानी हात वर करा," त्या म्हणाल्या. पुष्कळ हात वर आले. "ज्यांनी हे पानी तीर्थ म्हनून प्यालं?" केसरीनाथचा हात सगळ्यात उंच.

"मंग ऐका. हे पानी वज्रेश्वरीवरून न्हाय आलं. त्या टेकाडावरून आलं." त्यांनी बोट दाखवलं. "पंढरीनाथनी तापवलं, पंढरीनाथनी सोडलं. मंदीचा घरवाला. तुमी सगळे इतकं दिस त्याच्या हातच्या पान्यात बसला हायत, आन कोनाचा काय बाटला न्हाय. आता सांगा, कोनाची शुद्धी करायची?"

पहिल्यांदा हसला तो भूपेश. मग दोनचार जण. बाकीच्यांनी टेकाडाकडे माना वळवल्या. केसरीनाथ तेवढा म्हणाला, "पुरावा काय?"

धम्मदिनाने घड्याळ पाहिलं. "बॉयलरची तपासणी काल झाली. आज सकाळी तो पेटला. मालकाशी मी बोलले आहे, वाया जाणारं पाणी आहे, त्यांची हरकत नाही. भांड्याची धुवण आता वेगळी काढलीय. केसरीनाथभाऊ, दगडाला हात लावा."

केसरीनाथ वाकला. झटकन हात मागे घेतला. दगडांतून बारीक वाफ निघत होती.

कोणी जयजयकार केला नाही, कोणी नारळ फोडला नाही. फक्त एक म्हातारी पुढे आली आणि चप्पल काढून पाण्यात पाय सोडून बसली. देवीची असो की पंढरीनाथची, ऊब ती ऊब, असं ती पुटपुटली. तिच्यामागून आणखी दोघी. भूपेशने पाटी उपटली आणि पालथी करून त्यावर विटेच्या तुकड्याने लिहिलं : हे पाणी पिऊ नये. केसरीनाथ ती वाचून पोटावर हात ठेवून उभा राहिला. त्याचं पुढे काही बिघडलं नाही, हेही सांगून टाकतो.

मी बायजाबाईंना विचारलं, "मावशी, देवी गेली म्हणून वाईट वाटलं?"

"गेली कुठं?" त्या म्हणाल्या. "ती वज्रेश्वरीला हाय तिथंच हाय. मला पायऱ्या चढत न्हायत म्हनून ती धावत येईल, येवढी मी मोठी हाय व्हय? पन कोनीतरी माझ्यासाठी पाईप जोडला, हे मला जास्त वाटतं." मग त्या वळल्या आणि ओरडल्या, "मंदे! तिथं काय उभी राहिलीस? तुझी जागा कोनीतरी घेईल!"

आत्या माझा हात सोडून गेली. दोघी आपल्या दगडावर बसल्या, पदर सावरून, जशा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायच्या. मग दोघी एकदमच बोलू लागल्या. मला डोळे पुसावे लागले आणि त्याची मला लाज नाही.

संध्याकाळी पंढरीमामा ड्युटी संपवून टेकाडावरून खाली आले, हाताला काजळी, मान खाली. सगळं गाव आपल्याकडे बघतंय म्हणून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आत्याने पाय पाण्यातच ठेवून त्यांना झापलं.

"येवढं सगळं केलंत, तं शुक्रवारी कशाला आमाला गारठ्यात बसवलंत? सुट्टीच्या दिशी घडीभर जाऊन पेटवता आलं नसतं?"

मामा पायाने माती उकरू लागले.

"शुक्रवारी कसा जानार?" ते म्हणाले. "शुक्रवारी तू चूल पेटवून माझ्या आंघोळीचं पानी तापवतेस."